कंपनीचा साउंड पारखताना

नव्या गाडीतल्या म्युझिक सिस्टीमबद्दल आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. उत्तरासाठी गरज नव्हती तिथे गाडीचं आणि डीलरचं नाव गाळलं आहे.

प्रश्न : टेस्ट ड्राइव्हला गेलं की सेल्समन त्याचं ठरलेलं गाणं लावतो आणि प्रत्येक गाडीत ते भारीच वाटतं. हाताशी जेमतेम अर्धा तास असतो. तेवढ्यात साउंड कसा पारखायचा? (एक वाचक, नाशिक)

डेमोच्या गाडीत बहुतेक वेळा बास (खालचे सूर) आणि ट्रेबल (वरचे सूर) आधीच चढवलेले असतात, सराउंड चालू असतो आणि आवाज मोठा ठेवलेला असतो. दोन सिस्टीममध्ये जी जरा मोठ्याने वाजते तीच कानाला चांगली वाटते. दोन डेसिबलचा फरकही निवाडा फिरवायला पुरतो. म्हणून गाडीत बसल्यावर आधी सेटिंगमध्ये शिरा. बास, मिड, ट्रेबल शून्यावर आणा, बॅलन्स (डावी-उजवी बाजू) आणि फेडर (पुढची-मागची बाजू) मधोमध ठेवा. सराउंड, लाउडनेस आणि वेगाबरोबर आवाज वाढवणारी सोय बंद करा. काचा वर, एसीचा पंखा एकवर. मग आवाज मोजायचं ॲप उघडून ड्रायव्हरच्या डोक्याजवळ साधारण ७५ डेसिबल येतील एवढाच आवाज ठेवा. फोनचं माप काटेकोर नसतं, पण सगळ्या गाड्यांत तोच फोन वापरला तर तुलनेपुरतं चालतं.

गाणी तुमची, पाठ असलेली, फोनमध्ये उतरवून घेतलेली हवीत, आणि ती केबलनेच लावा. एक फक्त गळा आणि तानपुरा असलेलं, एक तबल्याचं, एक टाळांच्या गजराचं भजन आणि एक खोल इलेक्ट्रॉनिक बास असलेलं, एवढी पुरतात.

गळा ऐकताना डोळे मिटा. गायक डॅशबोर्डच्या मध्यावर, डोळ्यांच्या उंचीला उभा वाटायला हवा. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्यामुळे उजव्या दाराचा स्पीकर डावीकडच्यापेक्षा सहज अर्धा मीटर जवळ असतो. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे उजवा आवाज दीड मिलिसेकंद आधी पोचतो आणि गायक उजव्या दारात जाऊन बसतो. चांगल्या सिस्टीममध्ये जवळच्या स्पीकरला तेवढा उशीर दिलेला असतो. काही गाड्यांत ‘ड्रायव्हर’ आणि ‘सर्व सीट’ असा पर्यायही मिळतो. बॅलन्स डावीकडे सरकवून आवाजाची पातळी बदलते, वेळ बदलत नाही, त्यामुळे तो उपाय अर्धाच.

तबल्यात डग्ग्याकडे लक्ष द्या. तळहात घासून काढलेली घुमक खालून वर सलग चढत गेली पाहिजे. मधलाच एखादा सूर एकदम फुगत असेल आणि बाकीचे गळत असतील, तर तो डग्ग्याचा आवाज नाही, दाराचा पत्रा स्वतःच घुमतो आहे. बाजारात सर्वांत जास्त आढळणारा दोष हाच, आणि ‘बास दणदणीत आहे’ म्हणून तोच विकला जातो. टाळांच्या भजनात प्रत्येक टाळाची किणकिण वेगळी ऐकू येऊन विरत गेली पाहिजे. सगळ्यांची मिळून एकच ‘छिस्स’ येत असेल तर ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा स्पीकर, कर्कश आहे. अशी गाडी दोन तासांच्या प्रवासात कान थकवते.

यानंतर टोन जनरेटरचं कुठलंही मोफत ॲप घेऊन २०० हर्ट्झपासून ३० हर्ट्झपर्यंत सूर हळूहळू खाली आणा. त्याआधी दाराच्या कप्प्यांतली बाटली, सुट्टे पैसे, कागद काढून ठेवा. कुठे खरखर आली की त्या दारावर तळहात दाबा. थांबली तर आतलं प्लास्टिक कंप पावतं आहे, न थांबल्यास स्पीकर किंवा त्याचे स्क्रू बघायला सांगा. आवाज कुठवर खाली ऐकू येतो तेही टिपा. सबवूफर (फक्त खोल बासचा वेगळा स्पीकर) नसलेल्या साध्या गाडीत ६० हर्ट्झच्या खाली फारसं काही उरत नाही. बास गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झची आहे, यावरून अंदाज येईल. मग गाणं लावून आवाज तीन चतुर्थांशापर्यंत वाढवा. आवाज वाढला तरी बास मागे पडत असेल, तर लहान स्पीकर फाटू नयेत म्हणून सिस्टीम स्वतःच बास कापते आहे. ‘स’ आणि ‘श’ टोचायला लागले की ॲम्प्लिफायरची हद्द आली.

शेवटी रस्त्यावर, आणि तेव्हा बटणं शेजारच्याने हाताळावीत. ८० च्या वेगाला, शक्यतो सिमेंटच्या रस्त्यावर ऐका, कारण तिथे टायरचा आवाज जास्त असतो. रस्त्याची घरघर मुख्यतः खालच्या सुरांत असते आणि ती नेमका बास झाकते. उभ्या गाडीत भरदार वाटलेली सिस्टीम पुणे एक्स्प्रेसवेवर एकदम पोकळ वाटू शकते. आमच्या मते चार जादा स्पीकरपेक्षा शांत केबिनला जास्त किंमत द्यावी.

प्रश्न : ब्रोशरमध्ये बोस, सोनी, जेबीएल, आर्कामिस अशी नावं असतात. एकीत ८ स्पीकर, दुसरीत १२. नावावर आणि आकड्यावर किती विसंबायचं? (एक वाचक, पुणे)

नावामागे काम असतं, पण प्रत्येक नावामागे एकाच प्रकारचं नसतं. बोसने १९८३ मध्ये जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक सेव्हिलसाठी त्याच गाडीच्या केबिनचा विचार करून सिस्टीम बनवली. कंपनी फिटेड ब्रँडेड साउंडची प्रथा तिथून रुळली. आज क्रेटा आणि सेल्टोसच्या वरच्या व्हेरिएंटमध्ये बोसचे ८ स्पीकर, हॅरियरमध्ये जेबीएल अशी नावं दिसतात. एक्सयूव्ही ७०० मध्ये सोनीचे १२ होते. जेबीएल, हरमन कार्डन आणि इन्फिनिटी ही तिन्ही हरमन या एकाच कंपनीची नावं आहेत. ती २०१७ पासून सॅमसंगच्या मालकीची आहे आणि तिचा एक कारखाना आपल्या चाकणला आहे. आर्कामिसचं तसं नाही. ती ध्वनी-सॉफ्टवेअर बनवणारी फ्रेंच कंपनी आहे. तिचं नाव असलं तर आवाजावरची प्रक्रिया तिची, स्पीकर दुसऱ्या कुणाचे. सॉफ्टवेअर उपयोगाचं असतं, पण हलक्या कागदी वूफरमधून (खालच्या सुरांच्या मोठ्या स्पीकरमधून) खोल बास ते काढू शकत नाही.

आकड्यात ट्वीटर वेगळे मोजलेले असतात. चार दारांतले चार वूफर आणि चार ट्वीटर मिळून ८ झाले. म्हणून सेल्समनला तीन गोष्टी विचारा : सबवूफर आहे का आणि कुठे, ॲम्प्लिफायर वेगळा आहे की स्क्रीनमधलाच, आणि मागच्या दारांत ट्वीटर आहेत का. वेगळा ॲम्प्लिफायर असला तर फरक मोठा पडतो. स्क्रीनमधला साधा ॲम्प्लिफायर गाडीच्या १२ ते १४ व्होल्टवर दर चॅनेलला सलगपणे २० वॅटच्या आसपासच देतो. ब्रोशरमधले ‘४ गुणिले ५०’ हे क्षणभराचं शिखर असतं. आणि वॅट दुप्पट झाले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात.

टेस्ट ड्राइव्हची गाडी बहुधा टॉप मॉडेल असते. तुम्ही मधलं घेणार असाल तर त्याच व्हेरिएंटमध्ये बसून ऐका, नाहीतर जे ऐकलं ते घरी येणार नाही. सबवूफर स्टेपनीच्या खळग्यात असेल तर स्टेपनी बाहेर काढून बघा. पंक्चरच्या वेळी आधी सबवूफरचा कपलर (तारा जोडणारा प्लग) आणि बोल्ट सोडावा लागतो, हे रात्री हायवेवर कळण्यापेक्षा शोरूममध्ये कळलेलं बरं.

प्रश्न : तेच गाणं मित्राच्या फोनवरून छान वाजतं, माझ्या फोनवरून बसकं. गाडी एकच. असं का? (एक वाचक, कोल्हापूर)

आधी ॲप बघा. गुणवत्ता ‘ऑटोमॅटिक’वर असली की नेटवर्क कमी होताच गाण्याचा दर्जा उतरतो, आणि डेटा सेव्हर चालू असेल तर तो कायमच उतरलेला असतो. सर्वांत वरची पातळी निवडा आणि गाणी वाय-फायवर उतरवून घ्या. स्पॉटिफायवर ‘व्हेरी हाय’ म्हणजे ३२० केबीपीएस, यूट्यूब म्युझिकवर ‘हाय’ म्हणजे २५६. व्हॉट्सॲपवरून आलेली किंवा व्हिडिओतून काढलेली एमपीथ्री फाइल कितीही चांगल्या सिस्टीमवर बहुधा बसकीच वाजेल. फोनमधलाच इक्वलायझर चालू राहिला आहे का तेही तपासा. ब्लूटूथवर फोनचा आवाज पूर्ण ठेवून गाडीचा कमी-जास्त करा.

दुसरं कारण जोडणी. ब्लूटूथ आवाज दाबून पाठवतं, आणि कुठल्या पद्धतीने दाबायचं हे फोन आणि गाडी दोघांना जे जमतं त्यावर ठरतं. आयफोन एएसी ही पद्धत वापरतो. अँड्रॉइड फोनला एलडॅक ही वरच्या दर्जाची पद्धत येत असली तरी गाडीला येत नसेल तर उपयोग नाही, मग काम एएसी किंवा साध्या एसबीसीवर येतं. केबलने कारप्ले किंवा अँड्रॉइड ऑटो (फोनची ॲप गाडीच्या स्क्रीनवर आणणारी सोय) लावलं की हा टप्पा टळतो. वायरलेस कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटोवर गाणं वाय-फायने जातं, त्यामुळे तेही ब्लूटूथपेक्षा सरस. केबल लावून फक्त चार्जिंगच होत असेल तर पोर्ट चुकीचा आहे किंवा केबलमध्ये डेटाच्या तारा नाहीत.

प्रश्न : ४ स्पीकरचं मधलं मॉडेल घेऊन बाहेरून साउंड करून घ्यावा, की टॉप मॉडेलच घ्यावं? आमच्याकडे पाऊस फार. (एक वाचक, कुडाळ)

वरच्या मॉडेलमध्ये साउंडखेरीज तुम्हाला हवं असं काही नसेल, तर मधलं मॉडेल आणि बाहेरचं नेटकं काम हाच चांगला सौदा. मात्र स्क्रीन बदलू नका. कॅमेरा, स्टिअरिंगवरची बटणं, कधी एसीसुद्धा तिला जोडलेला असतो. पुढच्या दारांत साडेसहा इंची कंपोनंट स्पीकर (वूफर आणि ट्वीटर वेगळे असलेले) आणि मूळ स्पीकरच्या तारांवरून सिग्नल घेणारा, डीएसपी (आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणारी चिप) असलेला छोटा ॲम्प्लिफायर, एवढ्याने गाडी बदलून जाते. सगळं कपलरला कपलर जोडून व्हायला हवं. मूळ वायरिंग कापलं की विजेच्या बिघाडाची वॉरंटी नाकारायला कारण मिळतं. ॲम्प्लिफायरची मुख्य तार थेट बॅटरीवरून, आणि बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज.

खर्चातला पहिला हिस्सा दाराला द्या. २ मिलिमीटरचं ब्यूटाइल डॅम्पिंग (पत्र्याचा कंप शोषणारा रबरी चिकट थर) स्पीकरच्या मागच्या बाहेरच्या पत्र्याला आणि आतल्या पत्र्याला लावलं की घुमणं बरंच थांबतं. कोकणात इथे दोन चुका महागात पडतात. काचेच्या फटीतून दारात पाणी उतरतंच आणि ते खालच्या भोकांतून बाहेर पडतं. डॅम्पिंगने ती भोकं बुजली तर दारात पाणी साचून पत्रा गंजतो. आणि आतला प्लास्टिकचा पडदा फाडून तसाच सोडला तर पाणी स्पीकरच्या मागून केबिनमध्ये, पायाखालच्या मॅटपर्यंत येतं. काम चालू असताना समोर उभे राहा आणि दार बंद करण्याआधी बाटलीभर पाणी ओतून ते खाली गळतं का ते बघा.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. कर्टन एअरबॅग (बाजूच्या काचांवर पडद्यासारखी उघडणारी) असलेल्या गाडीत काचेशेजारच्या खांबावर ट्वीटरचे कप बसवू देऊ नका, एअरबॅग उघडताना ते तोंडावर येऊ शकतात. ट्वीटर कंपनीने ठेवलेल्या जागीच बसवा. सीटखाली सबवूफर ठेवताना तिथले पिवळे कपलर सोडू नयेत, ते एअरबॅगचे असतात.

प्रश्न : इलेक्ट्रिक गाडी घेतोय. साउंडच्या दृष्टीने काही वेगळं बघावं का? आकाशवाणी रोज ऐकतो. (एक वाचक, सांगली)

इंजिनाचा आवाज नसल्यामुळे टायर, वारा आणि सैल प्लास्टिक जास्त ऐकू येतं, म्हणून ८० च्या वेगाची चाचणी इथे जास्त महत्त्वाची. मोटरच्या इन्व्हर्टरमुळे (बॅटरीची वीज मोटरजोगी करणाऱ्या यंत्रामुळे) मध्यम लहरींवर, म्हणजे एएमवर, खरखर येते, त्यामुळे कित्येक इलेक्ट्रिक गाड्यांत एएम बँडच नसतो. बुकिंगआधी स्क्रीनवर तो शोधा. एफएमसाठी शार्क फिनकडे, म्हणजे छतावरच्या माशाच्या पराच्या आकाराच्या अँटेनाकडे, लक्ष द्या. १०० मेगाहर्ट्झची लहर ३ मीटरची, तिला पाऊण मीटरचा दांडा सोयीचा पडतो. बोटभर फिनला आत बूस्टर द्यावा लागतो, आणि शहर सोडलं की चांगल्या-वाईट बूस्टरमधला फरक कळतो. तुमचं नेहमीचं केंद्र तुमच्या गावाच्या रस्त्यावर लागतं का, तेच ऐका. डॉल्बी ॲटमॉस (चहूबाजूंनी आणि वरून आवाज येतो असं भासवणारी पद्धत) दाखवत असतील, जसं महिंद्राच्या बीई ६ मध्ये १६ स्पीकरसह मिळतं, तर तुमच्या ॲपवर ॲटमॉसमधली गाणी आहेत का ते आधी तपासा. साध्या स्टिरिओ गाण्याला त्याचा फायदा नाही.

प्रश्न : नवी गाडी घरी आणली आणि टेस्ट ड्राइव्हला ऐकलेला बास गायब. सर्व्हिस सेंटर म्हणतं, स्पीकर रुळले की येईल. (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

स्पीकर रुळल्याने पडणारा फरक फार थोडा असतो, त्याने गेलेला बास येत नाही. सेटिंग शून्यावर आणून बॅलन्स पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे न्या. कुठल्याही एका बाजूला नेल्यावर बास वाढत असेल आणि मधोमध आणल्यावर घटत असेल, तर एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या गेल्या आहेत. दोन्ही पडदे विरुद्ध दिशेने हलून एकमेकांचा बास खोडतात. फेडरनेही पुढच्या-मागच्या स्पीकरची अशीच तपासणी करा. मग एकेका कोपऱ्यात आवाज नेऊन प्रत्येक ट्वीटरला कान लावा. मुका असेल तर बहुधा कपलर नीट बसलेला नाही. हे सगळं सर्व्हिस ॲडव्हायजरला शेजारी बसवून ऐकवा, मोबाइलवर चित्रित करा आणि जॉब कार्डवर ‘बास कमी’ असं मोघम न लिहिता ‘बॅलन्स मधोमध असताना बास घटतो, डाव्या-उजव्या स्पीकरची पोलॅरिटी तपासणे’ असं लिहून घ्या. ज्यांची गाडी अजून यायची आहे त्यांनी हीच पाच मिनिटांची तपासणी रजिस्ट्रेशनआधी, पीडीआयच्या (गाडी ताब्यात घेण्याआधीच्या तपासणीच्या) दिवशी यार्डातच करावी.