विममधलं कुलूप कितपत पक्कं?

प्रश्न : बचत गटाचा हिशेब आणि सभासदांचे आधार क्रमांक मी लिनक्सवर विम या मजकूर लिहिण्याच्या प्रोग्राममध्ये साध्या फायलीत ठेवतो. कोलन आणि मोठा एक्स देऊन पासवर्ड घातलाय. एवढ्यावर भागेल का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : कोलन देऊन ‘सेट क्रिप्टमेथड’ लिहा, पुढे प्रश्नचिन्ह टाका : फाइल कोणत्या पद्धतीने एनक्रिप्ट (पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी) होते ते दिसेल. ‘झिप’ असं आलं तर ते कुलूप नव्हे, नुसती कडी. पहिल्या ‘ब्लोफिश’च्या घडणीतही चूक निघाली, म्हणून ‘ब्लोफिश२’ आलं. निदान तेवढं तरी लावा आणि फाइल पुन्हा सेव्ह करा, नुसती पद्धत बदलून जुनी फाइल बदलत नाही. नव्या विममध्ये सोडियम लायब्ररी जोडलेली असेल तर ‘एक्सचाचा२०’ मिळतं, ते अधिक बरं. विमचाच नवा अवतार असलेल्या निओविममधून मात्र ही सोयच काढून टाकली आहे.

ब्लोफिशमध्ये पासवर्ड चुकला तर विम नाही म्हणत नाही, उघडून कचरा दाखवतं. तो कचरा पाहून घाबरून सेव्ह करू नका. सेव्ह न करता बाहेर पडा आणि पुन्हा उघडा.

खरी गळती फायलीच्या आजूबाजूला असते. विममध्ये कॉपी केलेल्या ओळी आणि शोधलेले शब्द होम फोल्डरमधल्या ‘विमइन्फो’ फायलीत उघडेच उतरतात, मूळ फाइल कितीही बंद असो. शिवाय पासवर्ड घालण्याआधीच्या बॅकअप, अनडू आणि स्वॅप (सेव्ह न केलेलं काम जपणाऱ्या) फायली तशाच पडून असतात. लाइट गेली की स्वॅप फाइल हमखास मागे राहते. शेवटी टिल्ड असलेल्या आणि ‘एसडब्ल्यूपी’ने संपणाऱ्या फायली शोधून काढून टाका. एसएसडीवर (चिपवाल्या डिस्कवर) ‘श्रेड’ ही फाइल पुसणारी आज्ञा चालवून जुना मजकूर पुसला जाईलच याचा भरवसा नाही.

आमचं मत विचाराल तर हे काम जीपीजी या एनक्रिप्शनच्या प्रोग्रामवर सोपवा. विमसाठीचं ‘विम-जीएनयूपीजी’ प्लगइन अशा फायलींपुरतं स्वॅप, अनडू आणि विमइन्फो आपोआप बंद ठेवतं. ईमॅक्स या विमसारख्याच दुसऱ्या प्रोग्राममध्ये तर २३व्या आवृत्तीपासून ही सोय आतच आहे : नावाच्या शेवटी ‘डॉट जीपीजी’ लावून सेव्ह करा, फाइल कुणाला उघडता यावी याची यादी समोर येईल, तीत कुणालाच न निवडता ओके द्या, पासवर्ड विचारला जाईल.

प्रश्न : ईमॅक्समध्ये तसंच केलं, पण थोड्या वेळाने फाइल पुन्हा उघडली तर पासवर्ड न विचारता उघडली. म्हणजे एनक्रिप्शन झालंच नाही का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : झालंय. जीपीजी-एजंट हा जीपीजीचा मदतनीस प्रोग्राम पासवर्ड १० मिनिटं लक्षात ठेवतो. मधे वापर झाला की मुदत वाढते, पण २ तासांच्या पुढे जात नाही. सायबर कॅफेसारख्या सामायिक संगणकावर उठण्याआधी ‘जीपीजीकॉन्फ’ला ‘किल’ पर्यायासह एजंटचं नाव देऊन तो बंद करा. खात्रीसाठी जीपीजीचा ‘लिस्ट-पॅकेट्स’ पर्याय चालवा. ‘सायफर ९’ दिसलं की एईएस-२५६ ही एनक्रिप्शनची पद्धत लागली आहे.

प्रश्न : पासवर्ड मराठीत ठेवला. घरी चालतो, दुकानातल्या संगणकावर नाही.
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : ‘दऱ्या’सारखा शब्द आहे का त्यात? ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो : नुक्त्याच्या ऱ ला हलंत देऊन, किंवा साध्या र ला हलंत आणि पुढे न दिसणारा जोडक देऊन. डोळ्यांना एकच, पण बाइट वेगळे, म्हणून जीपीजीला दोन पासवर्ड. त्यात आपल्याकडच्या संगणकांवर कन्नड, मराठी, इंग्रजी असे तीन कीबोर्ड असतात आणि पासवर्डच्या चौकटीत दिसतात फक्त ठिपके. तेव्हा रोमन अक्षरांतच पाच-सहा असंबद्ध शब्द घ्या, गावाचं किंवा कुलदैवताचं नाव नको. फाइल घरीच उघडून नव्या पासवर्डने सेव्ह करा. तो कागदावर लिहून जमिनीच्या उताऱ्यांबरोबर कपाटात ठेवा. विसरलात तर परत मिळवण्याची वाट नाही.