‘देशी फिंच’ आणि अमदावादचं पाखरू

भुसावळहून प्रश्न आलाय : हतनूर धरणाच्या काठी पाणकणसात ‘देशी फिंच’चा थवा दिसला, नर लालभडक, अंगावर पांढरे ठिपके. ‘फिंच’ला मराठीत काय म्हणावं?

आधी ते ‘देशी’ काढा. दुकानात पिंजऱ्यात मिळते ती झेब्रा फिंच, ऑस्ट्रेलियातली. ब्रॉयलर आली आणि आपली कोंबडी ‘गावठी’ झाली, तसलाच हा प्रकार. मुनिया, मनोली हे शब्द काय वाईट आहेत? तुम्ही पाहिली ती लाल मुनिया. नराचा हा थाट पावसाळ्यातला. एरवी तोही मादीसारखा मातकट, चोच आणि शेपटीच्या वरचा भाग तेवढा लाल.

मुनियाचा संबंध काहीजण ‘मुनी’शी लावतात. एका काडीवर दोन क्षण न टिकणारं पाखरू, आणि मुनी! मला तर त्यात लाडाचं ‘मुन्नी’ ऐकू येतं. पुरावा मागू नका.

खरी गंमत हिच्या इंग्रजी नावात आहे : ‘अ‍ॅव्हडव्हॅट’, त्याआधी ‘अमडव्हॅट’. म्हणजे आपलं अमदावाद! तिथून ही पाखरं पिंजऱ्यांतून बाहेर जात. 1670च्या दशकात ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर लिहितो की अमदावादेहून येणाऱ्या या पाखरांवर गोवराच्या पुरळाएवढे ठिपके असतात, एका पिंजऱ्यात पन्नास, एकाने सूर धरला की बाकीचे साथ देतात. (गोवर! डॉक्टरलाच सुचायचं.)

‘हॉब्सन-जॉब्सन’ हा 1886चा कोश या नावाला ‘अहमदाबाद’चा अपभ्रंश म्हणतो. अपभ्रंश कसला? ‘ह’ गळणं, ‘ब’चा ‘व’ होणं, हे साहेबाच्या जिभेचं काम नव्हे. गुजराती माणूस अमदावादच म्हणतो, फ्रायरच्या स्पेलिंगमध्येही ‘व’च आहे. नंदुरबार स्टेशनवर माझ्या शेजारच्या आजीने विचारलं होतं, “अमदावादनी गाडी उनी का?” साहेबाने ऐकलं तसं लिहिलं, बिघडवलं म्हणायचं तर शेवटच्या ‘द’चा ‘ट’ केला, आणि पुढे ‘म’चा ‘व्ह’.

आणि हो, फिंच. प्राणी-वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनेही 1758मध्ये हिला फिंचांच्याच खात्यात, ‘फ्रिंजिला अमंदवा’ म्हणून नोंदवलं होतं. पुढच्यांनी तिला त्या खात्यातून काढलं, पण ‘अमंदवा’ राहिलं, कुठूनसा आलेला तो अनुस्वार घेऊन.