एचएस-सीआरपी ६.४ आला, म्हणजे हृदयविकार आहे का?

तुम्ही लिहिलंय : वय ४६, चेकअपमध्ये एचएस-सीआरपी (सीआरपी या प्रथिनाची जास्त संवेदनशील रक्ततपासणी) ६.४, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १२४, आणि रक्त दिलं त्याच्या चारच दिवस आधी तापातून उठलात. मग या आकड्यावरून हृदयाबद्दल काहीच ठरवू नका.

सीआरपी यकृतात तयार होतं. शरीरात कुठेतरी दाह (इन्फ्लमेशन, आतली सूज) आहे एवढंच ते सांगतं. तो हृदयाच्या धमनीत आहे की हिरडीत की गुडघ्यात, हे सांगत नाही. रक्तातलं सीआरपी साधारण १९ तासांत निम्मं होतं, पण दाह चालू असेपर्यंत यकृत नवं बनवत राहतं. म्हणून पूर्ण बरं वाटल्यावर दोन-तीन आठवडे जाऊ द्या, मग तपासा. त्यानंतर दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा, आणि दोन्हींची सरासरी धरा. उपाशीपोटी जायची गरज नाही. १० च्या वर आला तर आधी संसर्ग किंवा संधिवातासारखं कारण शोधायचं.

लॅबमध्ये 'एचएस' असं आवर्जून सांगा, साध्या सीआरपीत खालचे आकडे नीट मोजले जात नाहीत. रिपोर्टवरचं एककही बघा. ०.३ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे ३ मिलिग्रॅम प्रति लिटर. इथे गफलत झाली की धोक्याचा आकडा नॉर्मल वाटतो.

लिटरच्या हिशेबात १ च्या खाली धोका कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. २ किंवा त्याहून जास्त टिकून राहिला तर स्टॅटिनचा, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्यांचा, विचार होतो. २००८ च्या ज्युपिटर चाचणीत एलडीएल १३० च्या खाली पण एचएस-सीआरपी २ किंवा जास्त असलेल्यांना रोसुवास्टॅटिन २० मिलिग्रॅम दिल्यावर हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे ४४ टक्क्यांनी घटले. मात्र त्यात पुरुष पन्नाशीचे आणि त्यापुढचेच होते, त्यामुळे तुमच्या बाबतीत बीपी, साखर, तंबाखू आणि घरातला इतिहास धरूनच निर्णय व्हायला हवा.

एक कळकळीने सांगतो : सीआरपी उतरवायला डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नका. या गोळ्यांनी हार्ट अटॅकचा धोका उलट वाढतो. पोटाचा घेर कमी करणं, सिगारेट सोडणं आणि हिरड्यांवर उपचार, यांनी आकडा खरोखर खाली येतो. कोल्चिसिन या दाह कमी करणाऱ्या औषधाच्या ०.५ मिलिग्रॅम डोसबद्दल वाचलं असेल, पण ते ज्यांना हृदयविकार आहेच त्यांच्यासाठी तपासलं गेलं. २०२० च्या लोडोको-२ चाचणीत फायदा दिसला, २०२४ च्या क्लिअर सिनर्जी चाचणीत दिसला नाही. मूत्रपिंड कमजोर असेल तर ते धोक्याचं.

आणि छातीत दाब, घाम, डाव्या हातात कळ असं काही झालं तर सीआरपी करत बसू नका. थेट इमर्जन्सीत जा, तिथे ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे दाखवणारी रक्ततपासणी) लागतं.