बोटांच्या कडेला बारीक, खाजणारे पाण्याचे फोड कशाने येतात, उपाय काय?

तुम्ही लिहिलंय की नागपुरात उन्हाळा लागला की बोटांच्या कडेला साबुदाण्यासारखे बारीक फोड येतात, भयंकर खाजतात आणि मग कातडी निघते. हे वर्णन पॉम्फॉलिक्सचं, म्हणजे हातावरच्या इसबाच्या एका प्रकाराचं आहे. ते संसर्गजन्य नाही. घर्मग्रंथी तुंबतात हा जुना समज चुकीचा ठरलाय, पण घाम आणि उकाड्याने ते उफाळतं हे खरं. भांड्यांचा साबण, निकेल असलेले खोटे दागिने, ताण ही आणखी कारणं. पायाच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या आहेत का, हेही पाहा. पायाच्या बुरशीची प्रतिक्रिया म्हणून हातावर असेच फोड येतात आणि तेव्हा पायाचा इलाज केल्याशिवाय हात बरे होत नाहीत.

फोड सुईने फोडू नका, पू होतो. पाणी झिरपत असेल तर पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात दिवसातून दोनदा 10-15 मिनिटं हात बुडवा. प्रमाण 1 लिटरला 100 मिलिग्रॅम, रंग फिकट गुलाबीच हवा. जांभळं पाणी कातडी भाजतं. कण पूर्ण विरघळू द्या. नखं तपकिरी होतील, ती वाढली की जातात. फोड सुकले की हे थांबवा, नाहीतर भेगा पडतात. मग दर धुण्यानंतर व्हॅसलीन. भांडी घासताना रबरी हातमोजे, आत सुती. संत्री सोलताना आणि मिरची कापतानाही हात जपा.

खाज मोडते ती स्टिरॉइड मलमाने. तळहाताची कातडी जाड, म्हणून क्लोबेटासोलसारखं तीव्र मलम लागतं, बहुधा दोन आठवडे, पण डॉक्टरांनी लिहून दिलेलंच. दुकानदार देतो ती स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली ट्यूब कृपया घेऊ नका. तिने नायटा दबतो आणि नंतर दुप्पट पसरतो.

रात्री खाज वाढते, बेचक्यांत पुरळ आहे आणि घरात इतरांनाही खाजतंय? मग ती खरूज, तिचा इलाज सगळ्या घराने एकाच दिवशी करायचा. एकाच बोटावर दुखरा पुंजका असेल तर तो नागिणीच्या जातीच्या विषाणूचा असू शकतो, त्यावर स्टिरॉइड अजिबात नको.

पू, ताप, किंवा मनगटाकडे चढणारी लाल रेघ दिसली तर त्याच दिवशी नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयात दाखवा.