रक्तदाब उतरण्याची वाट पाहू नका

प्राथमिक आरोग्य केंद्रात नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरांची पहिली चूक बहुधा ठरलेली असते: वरचा रक्तदाब १०० च्या वर आहे, म्हणजे रुग्ण शॉकमध्ये (अवयवांना पुरेसे रक्त न पोहोचण्याच्या अवस्थेत) नाही, असे मानणे. रक्तदाब उशिरा घसरतो. त्याआधीच नाडी धावू लागते, तळहात गार पडतात आणि नख दाबून सोडल्यावर लाली परतायला ३ सेकंदांहून अधिक लागतात.

शॉक लांबला की बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊन रक्त गोठवणारे घटक संपत जातात, आणि मग सुई टोचलेल्या जागेतूनही रक्त झिरपत राहते. आपल्या विदर्भात कापसाच्या शेतात घोणस चावलेला मजूर येतो, तेव्हा हे घटक विषच थेट संपवते. अशा वेळी:

- नव्या, कोरड्या काचेच्या नळीत २ मिली रक्त घेऊन २० मिनिटे अजिबात हलवू नका, मग एकदाच तिरपी करा. रक्त वाहिले तर प्रतिविष सुरू करा. साबणाने धुतलेली नळी फसवते, मीही एकदा फसलो आहे.
- स्नायूत इंजेक्शन देऊ नका.

फायब्रिनोजेन, डी-डायमर या रक्त गोठण्याच्या प्रयोगशाळेतील तपासण्यांचा विचार सध्या बाजूला ठेवा. रुग्णाला जिल्हा रुग्णालयात पाठवताना चिठ्ठीवर दंशाची, चाचणीची आणि प्रतिविषाची वेळ मात्र स्पष्ट लिहा.