अंगठा तीनदा लावला, पैसे एकदाच मिळाले

प्रश्न : आई निराधारचे पैसे गावातल्या दुकानात अंगठा लावून काढते. मागच्या महिन्यात दुकानदार म्हणाला ठसा येत नाही, परत लावा, असं दोनदा झालं, तिसऱ्यांदा हजार दिले. पासबुकात एंट्री मारली तर हजार गेलेत आणि वर पाचशे पण. कोणी रबराचा अंगठा बनवला असेल का?

उत्तर : रबरी ठशांनी पैसे उडवल्याच्या केसेस झाल्यात, रजिस्ट्रीच्या कागदांवरचे ठसे उचलून सुद्धा, पण दादा, तुमच्या केसमध्ये मला वेगळंच वाटतंय. त्या मशीनला पिन लागत नाही, ओटीपी लागत नाही, आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा, बस. बॅलन्स बघायलाही अंगठा आणि पैसे काढायलाही अंगठा, स्क्रीन दुकानदाराकडे, आईला कसं कळणार कशासाठी लावला? रापलेल्या हातांचा ठसा खरंच लवकर उमटत नाही, त्यामुळे सगळे दुकानदार चोर असं मी म्हणणार नाही, पण "परत लावा" म्हटलं की आधीच्या वेळची स्लिप मागायची, फेल झालं असेल तर तसं त्यावर छापून येतं. नाही देत म्हणाला तर सरळ घरी यायचं.

आता पाचशेचं. मशीनवर व्यवहार अडकून पैसे कापले गेले असतील तर पाच दिवसांत परत यायला हवेत, पुढे उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तुमचा तर महिना होत आला, म्हणून पासबुक घेऊन आईच्याच बँकेत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या, दुकानदाराशी भांडत बसू नका. फसवणूक वाटली तर १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन पण करा. मेसेज आईच्या नंबरवर येतात का तेही बघा, बऱ्याचदा तिथे जुनाच कुठलातरी नंबर असतो.

आणि आधारच्या ॲपमधून बायोमेट्रिक, म्हणजे अंगठ्याचा ठसा, लॉक करून ठेवा, मोबाईल आधारला जोडलेला पाहिजे. फक्त लॉक असताना रेशनच्या मशीनवरही अंगठा चालत नाही, आणि तात्पुरतं उघडलं तर दहाच मिनिटं उघडं राहतं, म्हणून रांगेत आईचा नंबर आला की मगच उघडा.