निवृत्तीनंतर छोट्या गावात : घर विकायची घाई नको

तुमचं पत्र वाचलं. वय ६१, शहरातलं घर विकायचं, त्याच्या एक तृतीयांश किमतीत छोट्या गावात घर घ्यायचं आणि उरलेल्या रकमेवर दोघांनी आयुष्य काढायचं, असा तुमचा बेत आहे. तीन गावं पाहिलीत, त्यातलं पहिलं, सर्वांत स्वस्त, मनात भरलंय. गाव बदलण्याचा विचार मला पटतो. आधी विक्री आणि मग मुक्काम हा क्रम मात्र पटत नाही.

शहरात घर विकणं सोपं असतं. छोट्या गावात गिऱ्हाईक मिळायला वर्ष-दोन वर्षंही लागू शकतात, आणि तोवर शहरातल्या किमती वाढल्या तर परतायची वाटच बंद होते. म्हणून पहिलं वर्ष तिथे भाड्याने राहा आणि शहरातलं घर भाड्याने द्या. भाड्याचं उत्पन्न घराच्या किमतीच्या मानाने थोडंच असेल, त्यामुळे कायम असं ठेवा असं मी म्हणणार नाही. पण चुकीच्या गावात पैसा अडकण्यापेक्षा वर्षभराचं हे नुकसान परवडतं.

आता खर्च. तुमच्या हिशेबाने शहरातले १०० तिथे ६५ वर येतात. घरकामाची मदत, रोजचा प्रवास यांत बचत होईल, हे खरं. औषधं, फोन, वीज, मुलांकडे जाण्या-येण्याचा खर्च मात्र फारसा कमी होत नाही, काही वेळा वाढतोच. त्यात महागाई ६ टक्के धरली तर ते ६५ साधारण साडेसात वर्षांत पुन्हा १०० होतात. शहरात राहिलात तर तोवर १५४ च्या आसपास गेले असते, म्हणजे बचत खोटी नाही. पण उरलेली सगळी रक्कम मुदत ठेवीत टाकून निर्धास्त बसता येणार नाही, काही भाग महागाईबरोबर वाढणाऱ्या गुंतवणुकीत ठेवावाच लागेल. विल्यम बेंगन या आर्थिक सल्लागारांनी १९९४ मध्ये अमेरिकेतल्या जुन्या आकडेवारीवरून दाखवलं होतं, की शेअर आणि रोखे मिळून असलेल्या पुंजीतून पहिल्या वर्षी ४ टक्के काढले आणि पुढे महागाईइतके वाढवत नेले, तर ती ३० वर्षं पुरते. ती आकडेवारी एका देशाची आहे, त्यामुळे मी तुमच्यासाठी साडेतीन टक्केच धरेन.

गाव निवडताना माझी पहिली कसोटी घराची किंमत नाही, दवाखाना आहे. मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून झटका आला, तर ती विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. तेव्हा रात्री दोन वाजता, भर पावसात, त्या घरातून निघून चालू असलेल्या स्कॅनपर्यंत किती वेळ लागेल, हे स्वतः जाऊन पाहा. नुसता ‘जवळ मोठं हॉस्पिटल आहे’ हा दलालाचा शब्द पुरेसा नाही. तुमचं पहिलं गाव इथेच मागे पडतं, कारण रुग्णालय ६० किलोमीटरवर आहे आणि पत्नी गाडी चालवत नाहीत. एकटं राहायची वेळ त्यांच्यावर आली तर तिथे त्या अडकून पडतील. पर्यटनाचं तिसरं गाव हंगामात महागतं, ते सोडा. दुसरं थोडं महाग आहे खरं, पण रेल्वे आणि रुग्णालय दोन्ही आहेत. मी तेच घेईन.

आणखी एक. अख्ख्या पत्रात ‘मला’ आणि ‘माझं’ आहे, पत्नींना काय हवंय याची एक ओळही नाही. त्यांच्या मैत्रिणी, त्यांचा रोजचा दिवस शहरातच मागे राहणार आहे. हे आधी त्यांच्याशी मोकळेपणाने बोला.

भाड्याने राहाल त्या वर्षात रोजचा खर्च वहीत लिहून ठेवा, पावसाळा आणि एखादं आजारपणही त्यात येऊ द्या. घर विकल्यावर कर किती लागेल, ते कर सल्लागाराकडून आताच समजून घ्या. मग ती वही घेऊन या, विक्रीचं आपण तेव्हा ठरवू.